७५० पैकी २८२

इ. स. १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन परीक्षा उत्तीर्ण झाले. एकूण ७५० गुणांपैकी त्यांना २८२ गुण मिळाले. शेकडेवारी काढली तर ती ३७.६ भरते.

आपल्या घराघरांतून बाबासाहेबांच्या पदव्या मुलांना तोंडपाठ असतात. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ ही नामावली भीमजयंतीच्या कार्यक्रमात पाच-सहा वर्षांची मुलेही एका दमात म्हणून दाखवितात आणि सभागृह टाळ्यांनी भरून जाते. २८२ हा आकडा मात्र त्या नामावलीत सहसा येत नाही. ज्यांना तो ठाऊक आहे तेही तो सांगताना जरा संकोचतात. जणू महामानवाच्या चरित्रातील ही एक किरकोळ उणीव असून ती झाकलेलीच बरी. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. हा आकडा मुलांना सांगितला पाहिजे, आणि अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर आवर्जून सांगितला पाहिजे. त्यात त्यांच्या शिक्षणाचा आणि आपल्या समाजाच्या स्वाभिमानाचा प्रश्न गुंतलेला आहे.

गुणपत्रिकेत न आलेल्या गोष्टी

त्या २८२ गुणांच्या मागे काय होते, हे चरित्रग्रंथांतून आपल्याला माहीत आहे. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा वर्गात इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे आणि शाळा सुटल्यावर ते गोणपाट पुन्हा घरी नेत असे. शाळेचा शिपाई असेल तर वरून ओतलेले पाणी मिळे. शिपाई नसेल तर तहान तशीच राही. मुंबईत, एल्फिन्स्टनसारख्या सरकारी शाळेतही, गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी त्याला फळ्याकडे बोलावले तेव्हा वर्गातील मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे आधी बाजूला केले. संस्कृत शिकण्याची इच्छा असताना ती भाषा अस्पृश्य म्हणून नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली.

घर म्हणजे परळच्या चाळीतील एक खोली. त्या एका खोलीत स्वयंपाक, सामान, माणसे आणि अभ्यास. सुभेदार रामजी सकपाळ मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागत बसत आणि पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण अंग टाकीत. भीमरावांना हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. परीक्षकापुढे गेलेल्या उत्तरपत्रिकेत गोणपाट, तहान, पहाटेचे दोन किंवा बहिणीचा दागिना यांपैकी काहीच नव्हते. परीक्षकाने समोर दिसले तेवढे मोजले. त्याची बेरीज २८२ झाली.

या काळातील एका सत्काराची हकीकत आपल्याला परिचित आहे. समाजातील लोकांनी सभा भरवून भीमरावांचे अभिनंदन केले आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. बहुतेक चरित्रकार हा प्रसंग मॅट्रिकनंतरचा, सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालील सभेतला, म्हणून सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा असल्याचे म्हटले आहे. इतर समाजांतील शिक्षणाच्या मानाने हा काही सभा भरविण्यासारखा प्रसंग नव्हता, असेही त्यांनी तेथे मोकळेपणाने नमूद केले आहे. वडिलांचा तर या सभेला विरोधच होता. मुलगा एक परीक्षा पास झाला आहे, एवढ्यावरून सत्कार केला तर त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटत होते. अखेर केळुसकरांनी त्यांची समजूत घातली आणि सभा झाली.

परीक्षा कोणतीही धरली तरी एक गोष्ट उरतेच. त्या सभेला जमलेल्यांनी गुणांचा आकडा पाहिला नव्हता. आपल्यातला एक मुलगा कोठून निघाला आणि कोठवर पोहोचला, हे अंतर त्यांनी पाहिले होते. त्या अंतराच्या सन्मानार्थ हाती पडलेल्या पुस्तकाने पुढे पन्नास वर्षांनी लक्षावधी माणसांचे जीवन बदलले.

परीक्षेचे दार आणि परीक्षेची मोजपट्टी

आपल्या समाजाचे आणि परीक्षेचे नाते मुळातच सरळ नव्हते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. न्याय त्या मुलाच्या बाजूने आहे, हे मुंबई सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी शाळा इतर सर्वांना निरुपयोगी होईल, हे कारण पुढे केले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन आयोगाला सादर केलेल्या निवेदनात हे प्रकरण मुद्दाम नोंदविले आहे. त्या मुलाची बुद्धी किती, त्याची मेहनत किती, हे विचारण्याची वेळच आली नाही. परीक्षा देण्याआधीच तो नापास ठरला होता.

पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर उभारलेली ही संस्था स्वतः शिकवीत नसे. ती परीक्षा घेई आणि पदव्या देई. शाळांच्या बाबतीतही मुंबई इलाख्यात ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होती. तपासनीस येई, मुलांची परीक्षा घेई आणि जेवढी मुले उत्तीर्ण तेवढे अनुदान शाळेच्या पदरी पडे. अशा व्यवस्थेत घरी अभ्यासाला दिवा नसलेला, उशिरा शाळेत आलेला, हळूहळू शिकणारा मुलगा शाळेला परवडत नाही. त्याच्यावर घेतलेली मेहनत हिशेबात धरलीच जात नाही.

या व्यवस्थेच्या मर्मावर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात बोट ठेवले. शिष्यवृत्त्या स्पर्धेने देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसत असली तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असे त्यांनी लिहिले; ज्यांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच तिचा लाभ मिळतो, म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी असाव्यात, अशी त्यांनी मागणी केली. शर्यत सर्वांसाठी खुली आहे हे खरे. पण कोण किती मागून धावतो आहे, हे न पाहता केवळ आधी पोहोचणाऱ्याला बक्षीस देणे म्हणजे जुन्याच अंतरावर नवा शिक्का मारणे होय. आज ‘गुणवत्ता’ हा शब्द ज्या सुरात आपल्याला ऐकविला जातो, त्याला दिलेले हे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचे उत्तर आहे.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गुणांना काही अर्थच नाही, असे म्हणणे आपल्या समाजाला परवडणारे नव्हते आणि आजही परवडत नाही. लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, जात नसते. ओळख, वशिला आणि आडनाव यांच्या जोरावर चालणाऱ्या जगात हा क्रमांक आपल्या कित्येकांना न्याय देऊन गेला आहे. आपल्यातील बहुतेक कुटुंबे परीक्षांच्याच पायऱ्यांनी समुद्रापलीकडे आली. बाबासाहेबांनीही परीक्षा कधी टाळली नाही. पदव्या त्यांनी कष्टाने मिळविल्या आणि शस्त्रासारख्या वापरल्या. परीक्षा हे दार म्हणून उपयोगी आहे. तीच जेव्हा माणसाची मोजपट्टी होऊन बसते, तेव्हा घात होतो.

सोळा वर्षे

१९०७ मध्ये ३७.६ टक्के मिळविणारा हा विद्यार्थी सोळा वर्षांनी, १९२३ मध्ये, लंडन विद्यापीठाचा डी. एस्सी. झाला. ही सोळा वर्षे नीट पाहिली तर ‘अलौकिक प्रतिभा’ एवढ्या एका शब्दावर भागत नाही.

मॅट्रिकनंतर एल्फिन्स्टन महाविद्यालय, सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती आणि १९१२ मध्ये बी. ए. १९१३ च्या फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यू यॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तेथील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन यांचा प्रत्येकी एक. ही यादी पदवीपुरता हिशेब करणाऱ्याची नाही. ज्याला वर्गात फळ्याजवळ जाताना अडविले जाई, त्याच्यासमोर आता एका संपूर्ण विद्यापीठाची दारे उघडी होती आणि तो प्रत्येक दारातून आत डोकावत होता.

याच काळात कोलंबियात त्यांना जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू भेटले. ड्यूईंचा ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ हा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण म्हणजे वाढ, आणि त्या वाढीला अधिक वाढीखेरीज दुसरे अंतिम साध्य नाही, हा त्याचा गाभा होता. मूल कोणत्या ठरावीक रेषेपर्यंत पोहोचले यापेक्षा ते वाढते आहे की थांबले आहे, हा ड्यूईंचा प्रश्न होता. १९३६ मध्ये ‘जातिभेदनिर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ड्यूईंचा उल्लेख आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने केला.

पुढची वाट सरळ नव्हती. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन येणारी बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. बडोद्यात राहायला जागा मिळेना. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. नंतर डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला आणि तो परीक्षकांनी परत पाठविला. तो पुन्हा लिहून द्यावा लागणार होता.

या ठिकाणी क्षणभर थांबावे. ही नापास झालेल्या १६ वर्षांच्या मुलाची गोष्ट नव्हे. वय ३१, घरी पत्नी आणि मुले, डोक्यावर कर्ज, वकिलीचा जम बसायचा आहे. अशा वेळी हाती आलेला परत पाठविलेला प्रबंध. बाबासाहेबांनी तो मायदेशी बसून पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठविला. १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला आणि त्याच वर्षाअखेरीस ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी लेखकाचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, हे स्पष्ट सांगितले. पण त्याच्या विचारांतील ताजेपणाची दादही दिली. कोणत्याही श्रेणीपेक्षा हा अभिप्राय अधिक मोलाचा होता. कोलंबियाची पीएच. डी. तर रीतसर हाती यायला १९२७ साल उजाडले.

संस्कृतचेही तसेच. जी भाषा शाळेत नाकारली गेली ती त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली आणि धर्मग्रंथांची चिकित्सा करताना वापरली. त्या विषयाची गुणपत्रिका कोणत्याही दप्तरात नाही.

स्वतःच्या या अनुभवाची छाया त्यांच्या सार्वजनिक भूमिकांवरही दिसते. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी १९२४ मध्ये नेमलेल्या समितीला दिलेल्या लेखी उत्तरांत, विद्यापीठ हे केवळ परीक्षा घेणारे मंडळ राहू नये, असे त्यांनी आग्रहाने मांडले. विद्यार्थ्याचे डोके माहितीने भरण्यापेक्षा त्याचे व्यक्तित्व जागे करावे, त्याला बौद्धिक परिश्रमाला प्रवृत्त करावे आणि सत्यापर्यंत पोहोचणे किती कठीण व किती मोलाचे आहे याची जाणीव द्यावी, असे उच्च शिक्षणाचे उद्दिष्ट त्यांनी सांगितले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आणखी एका आकड्याकडे लक्ष वेधले: प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत पहिला कोण आला, यापेक्षा शाळेतून गळून कोण गेले, हा त्यांचा प्रश्न होता.

तथागतांची शिकवण

ज्या बुद्धचरित्राने बाबासाहेबांच्या वाचनाला वेगळे वळण दिले, त्या बुद्धाच्या परंपरेत या विषयावरची एक कथा जपलेली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती येते. चूळपंथक नावाचा एक भिक्षू होता. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्षू, विद्वान आणि कडक. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने झाले तरी ती पाठ होईना. पुढचा चरण शिकावा तर मागचा विसरे. अखेर भावाने त्याला संघातून निघून जायला सांगितले. तो दाराशी रडत उभा असताना तथागतांनी त्याला पाहिले. त्यांनी त्याला धीर दिला, एक स्वच्छ कापडाचा तुकडा हातात दिला आणि तो चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता शुभ्र कापड मळले. मळ कसा चढतो, काहीच जसेच्या तसे कसे राहत नाही, हे त्याने स्वतःच्या हातांत पाहिले आणि जे गाथेतून कळले नव्हते ते त्याला कळले.

या कथेतील चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. तिच्यातील शिक्षकाची दृष्टी मात्र घेण्याजोगी आहे. महापंथकाकडे एकच परीक्षा होती, पाठांतराची. तीत जो उतरला नाही तो त्याच्या लेखी संपला. तथागतांनी शिकण्याचे उद्दिष्ट तेच ठेवले, वाट बदलली आणि प्रयत्न करणाऱ्याला प्रयत्न करू दिला.

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायाम, म्हणजे सम्यक प्रयत्न, याची मांडणीही अशीच आहे. मनात न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले काढून टाकणे, न उपजलेले कुशल उपजविणे आणि उपजलेले टिकवून वाढविणे, असे हे चार प्रयत्न. या चारही प्रयत्नांत दुसरा माणूस कोठेच येत नाही. तुलना होते ती आपल्याच कालच्या मनाशी. आपल्याला रोज त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या घरांत मुलांच्या अभ्यासाला हे माप लावायला हरकत नसावी.

आपले व्यासपीठ

आता आपल्याकडे वळू. आपल्या मंडळांच्या भीमजयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार’ हा कार्यक्रम असतोच. ही प्रथा चांगली आहे आणि ती चालू राहावी. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची भूक आहे. ज्या आजीला अक्षर येत नव्हते तिच्या नातीला नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर टाळ्या वाजल्याच पाहिजेत.

परंतु निमंत्रणपत्रिकेवर जेव्हा ‘अमुक टक्क्यांच्या वर’ अशी अट येते, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. त्या अटीवर १९०७ चे भीमराव आपल्या व्यासपीठावर चढू शकले नसते. ज्यांची प्रतिमा मागे लावून आपण हा सत्कार करतो, त्यांनाच समोरच्या रांगेत बसावे लागले असते.

आपल्या मुलांवरचे ओझे वेगळ्या प्रकारचे आहे. त्यांना गोणपाटावर बसावे लागत नाही. मात्र शाळेत ‘आशियाई मुले हुशारच असतात’ ही अपेक्षा, घरी ‘बाबासाहेबांनी किती शिकले, तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न आणि समवयस्कांच्या घोळक्यात जातीचा विषय निघाला की ‘राखीव जागा’ आणि ‘गुणवत्ता’ यांवरचे टोमणे, असे तिहेरी दडपण त्यांच्यावर असते. ‘बी’ श्रेणी मिळालेले मूल ते टोमणे खरे तर नाहीत ना, असे मनात विचारू लागते. अशा वेळी घरानेही तीच मोजपट्टी हाती घेतली तर ज्या मापाने आपल्या पूर्वजांना कमी लेखले गेले ते माप आपणच खरे मानल्यासारखे होईल.

म्हणून आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. गुणवंतांच्या सत्कारात प्रगतीच्या सत्कारालाही जागा द्यावी. गणितात मागे पडून वर्षभर झुंज देत वर आलेली मुलगी, अडखळत का होईना मराठीतून बुद्धवंदनेचा अर्थ सांगू लागलेला मुलगा, दिवसभर नोकरी करून रात्रीच्या वर्गाला जाणारी आई, पन्नाशीत नवे कौशल्य शिकणारा बाप, हे सगळे त्या व्यासपीठाचे हक्कदार आहेत. आणि ज्यांना उत्तम गुण मिळाले त्यांनाही सुभेदार रामजींच्या मनातली काळजी आपण प्रेमाने सांगावी: ही एक परीक्षा झाली, शिकणे अजून पुढे आहे. गुणपत्रिका घरी आली की ‘किती मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘गेल्या वेळी जे येत नव्हते त्यातले आता काय येते?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर देता येणारे मूल पुढच्या परीक्षेलाही घाबरणार नाही.

येत्या भीमजयंतीला मुले बाबासाहेबांच्या पदव्यांची नामावली म्हणतील, तेव्हा तिची सुरुवात त्यांनी मॅट्रिकपासून करावी, गुणांसकट: साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी.

जय भीम! नमो बुद्धाय!